गंधकाचे रेणू शोधायचेत? कार्बन मोनोसल्फाइडपासून सुरुवात करा

विरळ रेणूंच्या मागे लगेच धावू नका. आधी कार्बन मोनोसल्फाइड, म्हणजे सीएस. आंतरतारकीय अवकाशात १९७१ साली सापडलेला हा रेणू आजही नवख्यांसाठी सर्वांत सोपा. खोडदचं जीएमआरटी (रेडिओ दुर्बिणींचा संच) आपलं लाडकं, पण इथे उपयोगाचं नाही: ते दीड गिगाहर्ट्झच्या खालचं ऐकतं, सीएसच्या रेषा, म्हणजे रेणू ठरावीक वारंवारतांना सोडतो ते रेडिओ संकेत, ४९, ९८, १४७ गिगाहर्ट्झच्या आसपास. चिलीतल्या आल्मा या रेडिओ दुर्बिणीचा जुना डेटा मुदतीनंतर सर्वांना खुला होतो. त्यावर हात बसवा.

ओरायन केएल, मृग नक्षत्रातला तप्त वायूढग, खुणावेल. टाळा. तिथे सल्फर डायऑक्साइडच्याच रेषांचं रान माजलंय. वृषभेतल्या टीएमसी-१ सारखा थंड ढग बरा, रेषा बारीक आणि सुट्या मिळतात.

हमखास होणाऱ्या चुका:

- ढगाचा वेग विसरणे. टीएमसी-१ चा वेग सेकंदाला सुमारे ५.८ किमी, दूर जाणारा. म्हणून ९७.९८१ गिगाहर्ट्झची रेषा जवळपास १.९ मेगाहर्ट्झ खाली दिसते.
- एक रेषा जुळली की ‘सापडला!’ म्हणणे. सीडीएमएस, म्हणजे रेणूंच्या रेषांच्या वारंवारतांची यादी, उघडा. त्याच वारंवारतेजवळ इतर रेणूही दाटीने बसलेले असतात. तुम्ही शोधताय त्या रेणूची दुसरी ठळक रेषा जिथे हवी तिथे नसेल, तर दावा सोडा. वाईट वाटेल, पण सोडाच.
- रेषेच्या उंचीवरून थेट गंधक मोजणे. सीएसची रेषा दाट ढगात संपृक्त होते, म्हणजे सीएस वाढला तरी ती त्या प्रमाणात उंचावत नाही.

दाट ढगांत अपेक्षेपेक्षा गंधक इतकं कमी का दिसतं, हा कळीचा प्रश्न आहे, पण तो सध्या राहू द्या. दोन-तीन रेषा खात्रीने ओळखता आल्या की वर्णपट दाखवा, पुढचं मग बोलू.