जनरल प्रिम: लिबरल की जुलमी?

प्रश्न: स्पेनच्या हुआन प्रिमला लिबरल (उदारमतवादी) म्हणतात, पण प्वेर्तो रिकोत (कॅरिबियनमधली स्पेनची वसाहत) त्याने गुलामांवर जुलूम केला असंही वाचलं. नक्की खरं काय?

उत्तर: दोन्ही खरं. प्रिमचा जन्म १८१४ चा, कातालोनियातल्या रेउस गावचा, साधा शिपाई म्हणून भरती झाला आणि लढता लढता जनरल. १८४७ मधे तो प्वेर्तो रिकोचा गव्हर्नर झाला, पुढच्याच वर्षी शेजारच्या मार्तिनिक या फ्रेंच बेटावर गुलामांनी उठाव केला आणि साहेब असे घाबरले की थेट फर्मानच काढलं: काळ्या माणसाने गोऱ्यावर हत्यार उगारलं तर, गुलाम असेल तर गोळ्या घाला, स्वतंत्र असेल तर उजवा हात तोडा! म्हणजे स्वातंत्र्य फक्त मायदेशातल्या लोकांसाठी. त्याच वर्षी त्याला परत बोलावलं.

पण १८६२ मधे हाच माणूस मेक्सिकोत सैन्य घेऊन गेला होता, इंग्रज-फ्रेंचांच्या जोडीने कर्जवसुलीसाठी, तिथे फ्रेंचांना आपला राजा बसवायचाय हे लक्षात आल्यावर सरळ सैन्य माघारी घेऊन निघाला, हे मात्र मला मानावंसं वाटतं (बायको मेक्सिकन होती, तेही असेलच थोडं). १८६८ च्या स्पेनमधल्या क्रांतीत राणी इसाबेलला घालवण्यात तो पुढे होता, मग पंतप्रधान झाला आणि इटलीतून आमादेओ नावाचा नवा राजा शोधून आणला. २७ डिसेंबर १८७० ला माद्रिदमधे संसदेतून घरी जाताना त्याच्या बग्गीवर गोळ्या झाडल्या, तीन दिवसांनी गेला. नेमका त्याच दिवशी आमादेओ स्पेनच्या किनाऱ्यावर उतरला, आणि माद्रिदला पोचल्यावर आधी प्रिमच्या शवपेटीपाशी गेला.