रमाबाई रानड्यांवरच्या ‘उंच माझा झोका’ मालिकेत रमा-माधवराव फारसे जवळ येत नाहीत, तरी जोडी इतकी जिवंत का वाटते?

कारण त्यांचं प्रेम शिकण्या-शिकवण्यातून दिसतं, आणि स्पृहा जोशी व विक्रम गायकवाड बोलण्याइतकंच ऐकण्याचंही काम मन लावून करतात. सांगलीत हौशी नाटकं बसवताना मी हेच बघतो: समोरचा बोलत असताना तुमच्या चेहऱ्यावर काय चाललंय, त्यावर जोडी ठरते. त्या काळच्या भरल्या घरात बायको चारचौघांत नवऱ्याकडे सरळ बघतही नसे. त्यामुळे पदर सावरताना टाकलेली एक नजर, ‘अहो’ म्हणण्याआधी घेतलेला दम, पाण्याचा तांब्या हातात न देता पाटाशेजारी ठेवणं, एवढ्यातच सगळं दाखवावं लागतं. नटाने घाई केली की ते गेलंच! मिठी मारणं त्यापेक्षा कितीतरी सोपं.

शिवाय गोष्टीचा पायाच पक्का आहे. रमाबाई आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या, देवराष्ट्रेच्या. 1873 मध्ये लग्न झालं तेव्हा त्या 11 वर्षांच्या आणि माधवराव, म्हणजे न्यायमूर्ती रानडे, 31 वर्षांचे. घरातल्या बायकांचा विरोध सोसून त्या नवऱ्याकडे शिकल्या. हे त्यांच्या 1910 च्या आठवणींच्या पुस्तकात आहे. जमलं तर ते जरूर वाचा, मालिकेतल्या कितीतरी जागा उलगडतील.

एक मात्र आहे. हे सगळं मोठ्या रमेबद्दल. तेजश्री वालावलकरने केलेली छोटी रमा गोड आहे, पण तिथे प्रणय शोधू नये; ते नातं गुरू आणि शिष्येचंच आहे.