‘अहो, त्यांना कोण नाही ओळखत?’ : मुलींच्या पथकातल्या मोठ्या माणसांविषयी प्रश्नोत्तरे

शाळा उघडल्या की इंदुरातली मुलींची पथकं, मल्लखांबाचे वर्ग, गाइड कंपन्या (स्काउट-गाइडमधल्या मुलींच्या तुकड्या) नव्याने भरू लागतात आणि त्यांच्यासोबत नवे स्वयंसेवकही येतात. या मोठ्यांना घ्यायचं कसं आणि त्यांच्यावर लक्ष कसं ठेवायचं, यावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

आमच्या मंडळाचं मुलींचं पथक दर रविवारी भरतं. मुलींसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी करायची असं यंदा ठरलं. पंचवीस वर्षं मंडळात असलेले एक काका त्यावर फार दुखावले. ‘आता माझं चारित्र्य थान्यात तपासणार का?’ म्हणाले. त्यांना वगळावं का?
— एक कार्यवाह, राजेंद्रनगर

वगळू नका. आणि काकांची समजूत घालत बसण्याआधी अध्यक्षांचा अर्ज भरून घ्या, मग तुमचा स्वतःचा. हे दोन्ही अर्ज पुढच्या बैठकीत टेबलावर ठेवा. पडताळणी सगळ्यांचीच होते आहे हे एकदा दिसलं की अपमानाचा प्रश्न बराचसा मिटतो. तरीही कुणी नाहीच म्हणालं, तर त्यांना हिशेब द्या, गणपतीच्या मांडवाची जबाबदारी द्या. मुलींच्या पथकावर मात्र त्यांना ठेवू नका.

आपला इंदूरचा मराठी समाज आहे केवढा! याची मावशी रामबागेत, त्याचे सासरे सुदामानगरात, त्यामुळे कुणाचंही नाव निघालं की ‘अहो, त्यांना कोण नाही ओळखत?’ हे ठरलेलं. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे दरवर्षी सांगतात की मुलांवरच्या बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांत ९० टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी ओळखीतलाच असतो. तेव्हा ‘आम्ही ओळखतो’ ही सूट देण्याची सबब होऊ शकत नाही.

कायद्याचं म्हणाल, तर पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, त्याच्या २०२० च्या नियमांप्रमाणे मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि पूर्वइतिहासाची तपासणी ठरावीक काळाने करायची असते. नियमात उल्लेख कर्मचाऱ्यांचा आहे, म्हणून ‘आमचे तर सगळे विनामूल्य काम करतात’ अशी पळवाट काढली जाते. पगार घेत नाही म्हणून मुलीला धोका कमी होतो का? मी स्वयंसेवकांनाही तोच नियम लावते आणि दर तीन वर्षांनी पडताळणी पुन्हा करून घ्यायला सांगते. चरित्र सत्यापनाचा, म्हणजे याच पडताळणीचा, अर्ज थान्यातून किंवा मध्य प्रदेश पोलिसांच्या नागरिक पोर्टलवरून करता येतो.

या कागदावर सगळी भिस्त मात्र ठेवू नका. २०१८ साली केंद्र सरकारने लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदसूची सुरू केली. ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना बघता येते, तुम्हाआम्हाला नाही. आणि पोलिसांच्या दप्तरातही तेच सापडणार जे कधीतरी त्यांच्यापर्यंत पोहोचलं. ज्याच्याबद्दल कुणी तक्रारच केली नाही, त्याचा कागद कोराच येतो.

मग माणूस पारखायचा कसा? मुलाखतीत आम्ही ‘मुलांची आवड आहे का’ विचारतो, सगळे ‘हो’ म्हणतात.
— एक ताई, वैशालीनगर

म्हणणारच. आवड विचारण्यापेक्षा प्रसंग विचारा. ‘अकरा वर्षांची मुलगी रडत आली आणि म्हणाली, मी सांगते पण तुम्ही कुणालाच सांगायचं नाही. तुम्ही काय कराल?’ बरेच जण भाबडेपणाने ‘वचन देईन’ म्हणतात. त्यांना शिकवता येतं. ‘दुसरी ताई आली नाही तर पथक भरवाल का?’ हेही विचारा. ‘मला कुणाची गरज लागत नाही, मुली माझं एकट्याचंच ऐकतात’ असं अभिमानाने सांगणारा, किंवा सांगणारी, मला तरी नको असते.

खरी माहिती मिळते ती संदर्भासाठी केलेल्या फोनवर. नातेवाईक नसलेल्या, निदान तीन वर्षं ओळखणाऱ्या दोघांची नावं मागा आणि फोन स्वतः करा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं शिफारसपत्र चालणार नाही. ‘माणूस चांगला आहे हो’ हे उत्तर समजू नका. सरळ विचारा, ‘तुमची स्वतःची दहा वर्षांची मुलगी यांच्याबरोबर दोन रात्रींच्या शिबिराला पाठवाल?’ आणि मग गप्प बसा. ‘हो, अगदी’ लगेच आलं तर ठीक. ‘आता तुम्ही विचारताच आहात तर...’ अशी सुरुवात झाली की वही पुढे ओढा.

याआधी कुठे काम केलं आणि ते का सोडलं, हे त्या संस्थेलाच विचारायचं. कुजबुज सुरू झाली की संस्था माणसाला ‘तब्येतीच्या कारणाने’ मोकळं करते, वर शाल-श्रीफळही देते आणि तो वर्षभरात दुसऱ्या वस्तीत नव्या मुलींसमोर उभा राहतो. ही आपल्याकडची सगळ्यात वाईट खोड आहे. म्हणून फोनवर एक प्रश्न नेमका विचारा: ‘तुम्ही यांना पुन्हा मुलींबरोबर काम द्याल का, हो की नाही?’

निवड झाल्यावरही पहिले सहा महिने नव्या माणसाला जुन्या जाणत्या ताईच्या जोडीनेच काम द्या.

मी दोरीचा मल्लखांब शिकवतो. मुली आठ ते पंधरा वर्षांच्या आहेत. आता प्रत्येक वेळी हात लावताना धास्ती वाटते. हात न लावता शिकवता येत नाही. काय करू?
— एक प्रशिक्षक

तुमची धास्ती समजते, पण तिच्यापायी आधार काढून घेऊ नका. दोरीवर उलटी झालेली, पायाच्या अंगठ्याची पकड सुटू लागलेली मुलगी सावरायलाच हवी. मध्य प्रदेशाने २०१३ साली मल्लखांबाला राज्यखेळ केलं, तेव्हापासून वर्ग वाढले. आधाराची शिस्त सगळीकडे त्या वेगाने वाढलेली नाही.

वर्गाच्या पहिल्याच दिवशी पालकांसमोर दाखवून द्या की अमुक आसनाला आधार कमरेच्या बाजूला असतो, अमुकला खांद्यापाशी. नंतर प्रत्येक वेळी हात लावण्याआधी तोंडाने सांगा, ‘कमरेला धरतोय.’ मुलगी ‘नको’ म्हणाली तर ती खाली उतरेल, आसन उद्या करता येईल. गादी जाड ठेवा. थोरल्या मुलींना आधार द्यायला शिकवा, निम्मं काम त्या करतील. हॉलचं दार उघडं असू द्या आणि दुसरी मोठी व्यक्ती नजरेच्या टप्प्यात हवी.

दोरीने मांडीला काचलं, सालटं निघालं, तर मलम मुलगी स्वतः लावेल किंवा बाई लावतील. पाय चेपून देणं, शाबासकी म्हणून मिठी मारणं हे शिकवण्यात मोडत नाही, ते पूर्ण बंद. फोटो मंडळाच्या फोनवरच काढावेत. उलट्या आसनातल्या मुलीचा फोटो जवळून, भलत्या कोनातून काढलेला असेल तर तो जागच्या जागी पुसायचा.

मुलींच्या संस्थेत पुरुष स्वयंसेवक घ्यावेत का?
— एक पालक, देवास

देशातली पहिली गाइड कंपनी १९११ साली आपल्याच जबलपुरात निघाली आणि आजही गाइडच्या कंपनीची कॅप्टन बाईच असते. त्यात शहाणपणा आहे. पुरुषांनी हिशेब, वाहतूक, एखादं कौशल्य शिकवणं जरूर करावं, सोबत बाई हव्यात. पण ‘सगळ्या बायकाच आहेत’ म्हणून डोळे मिटू नका. चारचौघींत जाडीवरून, रंगावरून मुलीला रडवणारी ताईही मी पाहिली आहे, आणि शिस्तीच्या नावाखाली तासभर उन्हात उभं करणारीही. ताब्यातल्या मुलांना क्रूरपणे वागवणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली गुन्हा आहे. तिथे स्त्री-पुरुष असा भेद नाही.

आमची बावीस वर्षांची एक ताई मुलींची फार लाडकी आहे. मुली रात्री तिच्याशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलतात. मन मोकळं करतात, चांगलंच आहे ना?
— एक आई

मन मोकळं करायला माणूस असणं चांगलं आहे. रात्री अकरा वाजता, दुसऱ्या कुणाला न दिसणाऱ्या खिडकीत ते होणं चांगलं नाही. निरोपांसाठी एक गट करा, त्यात पालक आणि दोन ताया ठेवा. मुलीने खासगीत लिहिलंच तर तिला झिडकारू नये. ताईने ‘वाचलं गं, मी आणि मोठ्या ताई उद्या तुझ्याशी बोलतो’ एवढं उत्तर द्यावं आणि मोठ्या ताईंना तेव्हाच कळवावं. जिवाचं काही असेल तर अर्थातच उद्यावर टाकायचं नाही.

तुमच्या ताईच्या मनात काही वावगं आहे असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या मनात असतं तो याच वाटेने येतो. आधी एका मुलीला ‘तू बाकीच्यांसारखी नाहीस’ म्हणायचं, मग तिला एकटीला छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत पोहे खायला न्यायचं, छोटी भेटवस्तू द्यायची, मग ‘हे आपल्या दोघांतच’. ही वाट सगळ्यांनाच बंद असली की त्यावर चालणारा लगेच उठून दिसतो.

चोरलला एका रात्रीचं शिबिर आहे. चाळीस मुली, चार ताया, बसचालक आणि स्वयंपाकी. काय बघू?
— एक शिबिरप्रमुख

चार ताया कमी आहेत. एकीला ताप आला आणि दुसरी तिला घेऊन महूच्या दवाखान्यात गेली की उरतात दोन. सहा करा. झोपताना मुलींच्या खोलीत एकच मोठी व्यक्ती नको, एक तर दोघी, नाही तर दोघी शेजारच्या खोलीत दार उघडं ठेवून. चालक आणि स्वयंपाकी यांची सोय दुसऱ्या बाजूला करा. रात्री बाथरूमला जाताना मुली जोडीने जातील.

शिबिरात सगळे डोळ्यांत तेल घालून असतात, चूक होते ती परतल्यावर. बस येते, मुली पांगतात, एका मुलीचे वडील वाहतुकीत अडकलेले असतात आणि ताई म्हणते, ‘मी सोडते हिला स्कूटीवर.’ नाही. शेवटची मुलगी घरच्यांच्या हाती जाईपर्यंत दोन जणी थांबतील, हे निघण्याआधीच नावानिशी ठरवा.

एका बारा वर्षांच्या मुलीने मला सांगितलं की सराव संपल्यावर साहित्याच्या खोलीत एका कार्यकर्त्याने तिला नको तिथे हात लावला. कुणाला सांगू नका म्हणाली. मी अध्यक्षांना सांगितलं, तर ते म्हणतात, ‘आधी आपण आपसात चौकशी करू, संस्थेचं नाव आहे.’
— एक ताई

आजच थान्यात जा. हे वाचून संपवायच्या आधी उठलात तरी चालेल.

पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा झाल्याचं कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थेच्या समितीची परवानगी लागत नाही, पुरावा गोळा करणंही तुमचं काम नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दलची गोष्ट दडवली तर एक वर्षापर्यंत. हे अध्यक्षांना वाचून दाखवा. प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, असं कलम १९ मध्येच लिहिलं आहे. घटना दुसऱ्या थान्याच्या हद्दीतली असली तरी जवळच्या थान्यात नोंदवता येते. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे, तिथेही फोन करा.

मुलीने जे शब्द वापरले तेच, तारीख-वेळेसह, लिहून ठेवा. तुमचे शब्द घालू नका. तिला पुन्हा पुन्हा विचारू नका, आणि समितीसमोर तर अजिबात उभं करू नका. कार्यकर्त्याला आजपासून मुलींपासून दूर ठेवा, पण त्याला समोर बसवून सोक्षमोक्ष लावायला जाऊ नका. पुढचं पोलिसांवर सोपवा. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला हवं तिथे घेतात, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाची महिला अधिकारी गणवेश न घालता येते, आणि पोलिसांना चोवीस तासांत बाल कल्याण समितीला कळवावं लागतं. आईवडिलांना हे सगळं आधी सांगा, म्हणजे थान्याच्या नावाने ते बिचकणार नाहीत. मुलीचं नाव मंडळाच्या कुठल्याही गटात जाता कामा नये.

आणि तिला खरं सांगा: ‘कुणालाच सांगणार नाही असं मी म्हणू शकत नाही. पण ज्यांना सांगायलाच हवं त्यांनाच सांगेन, आणि तू मला सांगितलंस हे फार बरं केलंस.’

माझी मुलगी नऊ वर्षांची. सराव बघत बसायची माझी इच्छा आहे, पण मंडळ म्हणतं पालक आले की मुलींचं लक्ष विचलित होतं.
— एक आई, लोकमान्यनगर

होतं थोडं, दुसऱ्या आठवड्यापासून होत नाही. दाराजवळ दोन खुर्च्या कायमच्या ठेवायला सांगा, ज्या पालकांना यायचं ते न सांगता येऊन बसतील. तुम्हीही एक पथ्य पाळा. मध्येच सूचना द्यायच्या नाहीत आणि दुसऱ्यांच्या मुलींचे व्हिडिओ काढायचे नाहीत. दर रविवारी येऊन पाणी भरणं, वेण्या बांधणं असं काही करू लागलात, तर मग तुमचाही अर्ज, दोन संदर्भ आणि थान्याचा कागद लागेल.