एचआयव्हीची दुखरी जागा (जिथे धरलं की विषाणू अडतो) माहीत आहे, तर तेवढाच तुकडा टोचून लस का होत नाही?

कारण तो तुकडा एकटा टिकत नाही. मी सोलापूरच्या पूर्व भागातली, घरी जकार्डच्या चादरी विणायचे. लहानपणी चादरीवरचा मोर मला हवा होता, म्हणून पिसाऱ्यातला हिरवा धागा ओढला. हातात वेडंवाकडं सूत आलं आणि पाठीत धपाटा. मोर त्या धाग्यात नव्हताच, उभे-आडवे धागे जिथे अडकले होते तिथे होता.

प्रतिपिंडही (विषाणूला चिकटून त्याला अडवणारं शरीराचं प्रथिन) धागा बघत नाही, आकार धरतं. कापलेला तुकडा मोकळा सोडला की लुळा पडतो, आणि त्या लुळ्या आकाराविरुद्ध झालेली प्रतिपिंडं खऱ्या विषाणूला ओळखत नाहीत. म्हणून संगणकावर दुसरंच ताठ प्रथिन रचून त्यात तो आकार बसवतात. हेच स्कॅफोल्ड, म्हणजे परांची. २०१४ मध्ये लसशास्त्रज्ञ विल्यम शिफ यांच्या गटाने आरएसव्हीचा (बाळांच्या छातीला धरणारा विषाणू) दोन सर्पिलांचा (स्प्रिंगसारख्या वेटोळ्यांचा) तुकडा तीन सर्पिलांच्या प्रथिनात बसवला, आणि माकडांत विषाणूला रोखणारी प्रतिपिंडं आली.

एचआयव्ही मात्र चिवट. व्हीआरसी०१ सारखी, एचआयव्हीच्या अनेक प्रकारांना रोखणारी प्रतिपिंडं बी-पेशी (रक्तातल्या, प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी) बदलत बदलत, वर्षानुवर्षांनी घडवतात. पंचाईत ही, की त्या पेशीचा मूळ, कोरा ग्राही (विषाणू पकडायचा पेशीवरचा आकडा) खऱ्या विषाणूच्या आवरणाला सहसा चिकटतच नाही. म्हणून शिफ यांनी आवरणाचा छोटा भाग असा बदलला की कोरा ग्राहीही त्याला धरेल. त्याच्या ६० प्रती एका कणावर लावल्या. कणाचं मूळ प्रथिन उकळत्या पाण्याजवळच्या तापमानात जगणाऱ्या जिवाणूचं! २०२२ मध्ये निकाल आला: लस घेतलेल्या ३६ पैकी ३५ जणांत हव्या त्या बी-पेशी जाग्या झाल्या. पण त्या पूर्वज पेशी, तयार प्रतिपिंडं नव्हेत. त्यांना पुढच्या, खऱ्या आवरणाच्या जवळ जाणाऱ्या डोसांनी हळूहळू वळवावं लागतं.

शिवाय शरीर परांचीवरही प्रतिपिंडं बनवतं. तो भाग साखरेच्या साखळ्यांनी झाकावा लागतो. (एचआयव्ही स्वतः हेच करतो, त्याच्याकडूनच शिकलो म्हणा.)

तुम्ही विचारलंय, डेव्हिड बेकर यांना प्रथिनरचनेसाठी २०२४ चं नोबेल मिळालं, मग आता लवकर होईल का? रचना लवकर होते, हो. पण वरच्या चाचणीत दोन डोसांमध्ये ८ आठवडे होते, ते कुठलाही संगणक कापू शकत नाही.