लेन्स नको, पंचांग बघा

प्रश्न : संकष्टी रविवारी आली म्हणून सगळे मिळून शिवडीच्या जेटीवर फ्लेमिंगो बघायला गेलो. नऊला पोचलो. समोर नुसता चिखल आणि पार लांब गुलाबी रेघ. फोटोत पक्षी म्हणजे काळे ठिपके. अकराला कंटाळून परतलो. माझ्याकडे ७०-३०० ची लेन्स आहे. ६०० ची घ्यावी का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : एवढ्यासाठी तरी घेऊ नका. तुम्ही उपवासाची तिथी लिहिलीत हे फार बरं केलंत, सगळं उत्तर तिच्यातच आहे.

तीस वर्षं मी शाळेत पोरांकडून पाऊणकी (पाऊणचा पाढा) घोकून घेतली, पण तिचा खरा उपयोग शिकवला शिवडीतल्या एका कोळ्याने. "तिथीची पाऊणपट कर बाय, त्या वक्ताला भरती." मुंबईपुरता हा हिशेब अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने जमतो. चतुर्थी, म्हणजे चार पाऊण तीन. पहाटे तीनला भरती, दुपारी सव्वातीनच्या आसपास पुन्हा भरती. मधली ओहोटी नऊ-सव्वानऊची. तुम्ही नेमके पाणी तळाला गेलं तेव्हा पोचलात! रोहित (फ्लेमिंगोचं आमच्या पिढीचं नाव हेच) पाण्याच्या कडेकडेने चरतात, ते पाण्याबरोबर लांब गेले. तिथे ६०० ची लेन्सही काय करणार? तापलेल्या चिखलावरची हवा हलते, फोटो लिबलिबीत येतो.

फोटो काळे आले त्याचं कारण वेगळं. शिवडीची जेटी पूर्वेकडे तोंड करून आहे. सकाळी ऊन पक्ष्यांच्या मागून येतं, दुपारी तुमच्या पाठीमागून. म्हणून षष्ठी, सप्तमी किंवा अष्टमी धरा, शुक्ल-कृष्ण कुठलीही. आठ पाऊण सहा : भरती संध्याकाळी सहाला, तुम्ही साडेतीनला हजर. या दिवसांत भांगाची, म्हणजे कमी पाण्याची, भरती असते, पाणी सावकाश चढतं, चिखल पटकन बुडत नाही. पाणी पुरतं भरेपर्यंत थांबलात तर मात्र चरायला जागाच उरत नाही. मग थवे उठतात आणि बरेचसे खाडीपलीकडे नेरूळच्या तळ्यांकडे निघून जातात.

मागच्या मार्चमधल्या सप्तमीची गोष्ट. पाण्याची कड इंचाइंचाने पुढे येत होती. तिच्यापुढे शेकाटे आणि तुतवार हे चिखलातले पक्षी धावत होते, मागून रोहित. एक छोटा रोहित (हे जातीचं नाव, पिल्लू नव्हे) जेटीपासून पन्नासेक पावलांवर आला. मान खाली, चोच उलटी, डोकं झाडू मारल्यासारखं डावी-उजवीकडे. गडद लालसर-काळी चोच आणि तांबडा डोळा नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. मोठ्या रोहितची चोच फिकट गुलाबी, फक्त टोकाला काळी. माझा तो फोटो तुमच्यासारख्याच ७०-३०० ने काढलेला आहे.

दुपारच्या उन्हात कॅमेरा गडद चिखलाला भुलतो आणि पिसं पांढरी फटक येतात. एक्स्पोजर उणे ०.७ वर ठेवा. थवा उडताना शटर सेकंदाच्या एक हजारांशाहून हळू नको. आणि थवा उडावा म्हणून टाळ्या वाजवू नका. हे लिहावं लागतं, कारण दर रविवारी कोणीतरी वाजवतंच.

पक्षी बोटीतून बघायचे असतील तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राकडून ठाणे खाडीच्या अभयारण्यात बोटी सुटतात. त्यांच्याही वेळा भरतीवर ठरतात, आधी विचारून जा.

जवळून फोटो मिळेल म्हणून जेटीवरून खाली मात्र उतरू नका. मी एकदा उतरले, गुडघ्यापर्यंत रुतले. बोट दुरुस्त करणाऱ्या दोघांनी फळी टाकून ओढून काढलं. डावी चप्पल अजून तिथेच आहे.

रविवार आणि सप्तमी एकत्र येईना, तर सरळ रजा टाका.