हार्ट कमजोर, मग लघवीची गोळी कशाला?

प्रश्न: बाबांचं हार्ट कमजोर आहे, पाय सुजतात, डॉक्टरांनी लघवीची गोळी दिलीय. किडनी तर ठीक आहे, मग ही कशाला? – एक वाचक, गुहागर

उत्तर: ताई, आपण नुसते बसलेले असतानाही हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फिरवतं आणि त्यातला पाचवा हिस्सा तरी किडनीकडे जातो, हृदयाचा जोर कमी झाला की तिकडे रक्त कमी पोचतं, मग किडनीला वाटतं अंगातलं पाणीच कमी झालंय आणि ती मीठ-पाणी धरून ठेवते. तेच पायात उतरतं, फुप्फुसात साचलं की रात्री आडवं झाल्यावर दम लागतो. गोळी ते पाणी बाहेर काढते, बरं वाटलं तरी मनाने बंद करू नका.

आपल्याकडे खरी अडचण मिठाची! खारा सुका बांगडा, पापड, पेजेबरोबर लोणचं... बाबांना जड जाईल, पण सोडावंच लागेल, ताजा बांगडा कमी मिठाचा खुशाल द्या. रोज सकाळी लघवी झाल्यावर वजन लिहून ठेवा, २-३ दिवसांत २ किलो वाढलं तर लगेच डॉक्टरांना फोन. आणि गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून पेनकिलर आणू नका प्लीज, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी किडनी मीठ अजूनच धरून ठेवते.