रविवारचा बेत दुपारी दोनलाच का मोडतो?

"मॅडम, आठवड्याचा एक रविवार मिळतो, तोही मुलांना देतो. आणि संध्याकाळी घरी येतो तेव्हा कुणी कुणाशी बोलत नसतं. मुलं हट्टी झालीत की आमचंच काही चुकतंय?"

सल्ल्यासाठी माझ्याकडे डोंबिवलीहून आलेल्या एका वडिलांचा हा प्रश्न. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून सांगते. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा, घरात आजी. वडील सोमवार ते शनिवार सकाळी सातला घर सोडतात आणि रात्री नऊनंतर परत येतात. आदल्या रविवारी मुंबईत फिरायला गेले असताना एका हॉटेलबाहेर मुलगा फुटपाथवर आडवा पडला. लोक थांबून बघायला लागले. वडिलांनी पाठीत धपाटा घातला, त्यावरून आई आणि आजी त्यांच्यावर चिडल्या आणि मुलगी परतीच्या प्रवासात एक शब्दही बोलली नाही. आईला खरी काळजी होती ती तिचीच.

अशा तक्रारीत बहुतेक आईवडील थेट मुलाच्या स्वभावापाशी पोचतात. स्वभावाचं नंतर बघू, आधी त्या दिवसाचं पान लिहून काढा, असं दोघांना सांगितलं. वहीच्या पानावर पाच रकाने: किती वाजले, कुठे होतो, शेवटचं खाणं कधी, शू कधी झाली, मूल कसं होतं. आठवतील त्या आधीच्या दोन सहलींचीही अशीच पानं करायची.

पुढच्या भेटीत पानं आली. साडेआठला पोहे. साडेदहाला घर सोडलं. मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक होता, म्हणजे दुरुस्तीच्या कामासाठी जलद मार्ग बंद, गाडी धीम्या मार्गावरून थांबत थांबत आली आणि सीएसएमटीला, म्हणजे मुंबईतल्या शेवटच्या स्टेशनला, पोचायला सव्वाबारा वाजले. साडेबारा ते एक गेटवे, भर उन्हात फोटो. एक ते दोन वस्तुसंग्रहालय. दोनला हॉटेलबाहेर नंबर लावून उभे. सव्वादोनला मुलगा आडवा. पोह्यांनंतर त्याच्या पोटात गेलं होतं ते एक आइस्क्रीम आणि वेफर्सचं अर्धं पाकीट. शूच्या रकान्यात घर सोडल्यानंतर काहीच नव्हतं, कारण विचारलं की तो "नाही लागली" म्हणत होता. एरवी घरी तो दीड वाजता झोपतो.

आधीची दोन पानं शेजारी ठेवली. एक सहल ठाण्याच्या मॉलची, एक बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाची. जागा निराळ्या, ऋतू निराळे, पण रडारड तिन्ही वेळा दीड ते अडीचच्या दरम्यान. वडील पानांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे हा रोज या वेळेला झोपलेला असतो."

उत्तराचा अर्धा भाग इथेच होता. भूक, झोप, लघवी आणि ऊन ही चार कारणं एकत्र आली की चार वर्षांच्या मुलाला स्वतःला आवरता येत नाही. तो हट्ट करत नसतो, त्याची ताकद संपलेली असते. मोठ्या माणसाला "थोडं थांबूया, मग जेवू" हे स्वतःला समजावता येतं. या वयात ती क्षमता जेमतेम आकार घेत असते आणि थकवा आला की सगळ्यात आधी तीच जाते.

उरलेला अर्धा भाग वडिलांपाशी होता. त्या दिवशीच्या यादीत हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट आणि गिरगाव चौपाटीही होती. एका दिवसात इतकं का, असं विचारल्यावर ते म्हणाले, "परत कधी नेणार? सहा दिवस मी त्यांना दिसत नाही. निदान एका दिवशी तरी सगळं दाखवावं." सहा दिवसांची भरपाई एका रविवारी करायची असली की सहल मोठी होत जाते, खर्च वाढतो आणि मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद ही त्याची पावती होऊन बसते. पावती मिळाली नाही की राग येतो. धपाटा त्या रागातला होता. हे बोलताना त्यांचा आवाज भरून आला. त्या प्रेमाबद्दल मला एका क्षणासाठीही शंका नव्हती, आणि ते तसं त्यांना सांगितलं.

मुलीशी वेगळं बोलले. त्या दिवसातलं काय आवडलं? तिने जराही विचार न करता सांगितलं, "जाताना ट्रेनमध्ये बाबांनी स्टेशनांची नावं उलटी म्हणायला लावली. ठाण्यापासून मी हरले." गेटवे तिला फारसा आठवत नव्हता. वडिलांच्या हिशेबात मात्र तो दीड तास मेगाब्लॉकने वाया घालवलेला होता.

मग नवा बेत ठरला. ठिकाण एकच, राणीची बाग, म्हणजे भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय. नियम असा की सगळ्यात लहान मुलाची झोपेची वेळ धरायची आणि उलटं मोजत यायचं. दीडला झोप, तर साडेबाराला बागेबाहेर. बाग साडेनऊच्या सुमारास उघडते, म्हणजे आत तीन तास. चार वर्षांच्या पायांना तेवढे पुरतात. डोंबिवलीहून जलद गाडीने भायखळ्याला तास-सव्वा तास लागतो, म्हणून आठला गाडीत. रविवारचा ब्लॉक सहसा अकराच्या आसपास सुरू होतो, त्यामुळे जाताना अडचण नाही. येताना ब्लॉक लागणारच, पण तो वेळ मुलाच्या झोपेचा. त्यासाठी बसायला जागा हवी आणि भायखळ्याला ती मिळेलच असं नाही. म्हणून बाग पाहून उलट दिशेने सीएसएमटीला जायचं आणि तिथून सुटणाऱ्या गाडीत नीट जागा धरून बसायचं. वीसेक मिनिटं जास्त जातात, पण मुलगा मांडीवर झोपून घरी येतो. ५ वर्षांखालच्या मुलाला लोकलचं तिकीट लागत नाही, ५ ते १२ वयाला अर्धं. बागेच्या खिडकीवर चौघांच्या कुटुंबाचं एकत्र तिकीट मागायचं, आजीचं वेगळं.

बाग बुधवारी बंद असते. सार्वजनिक सुट्टी बुधवारी आली तर बहुधा त्या दिवशी उघडी ठेवून गुरुवारी बंद ठेवतात. आत शिरल्यावर आधी पेंग्विन. हे हम्बोल्ट पेंग्विन पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, म्हणून त्यांचं दालन १६ ते १८ अंशांवर ठेवलेलं असतं. अकरानंतर तिथली रांग वाढते आणि रांगेत लहान मुलाला फक्त पुढच्याची पँट दिसते. पुढे पक्ष्यांचं मोठं दालन, त्यात आपण आतून चालत जातो. मग सावलीत बसणं. १८६० च्या दशकापासूनची ही बाग आधी वनस्पती उद्यान आहे. गोरखचिंचेचा प्रचंड बुंधा मुलांना हाताने मापायला आवडतो, आणि हा खेळ फुकट आहे.

खाण्याचा नियम: भूक लागण्याआधी, दर दोन तासांनी, थोडंसं. गाडीतून उतरल्यावर, आत जाण्याआधी तूपसाखरेची पोळी गुंडाळून. अकराला केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू. बाहेर पडल्या पडल्या तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा दशमी. दहीभात उन्हात चार तास पिशवीत राहिला की बिघडतो, तो नेऊ नये. वेफर्सने तहान वाढते आणि पोट भरत नाही. पाणी मुलांना प्रत्येकी अर्धा लिटर, मोठ्यांना एक. पिशवीत धाकट्याची एक जादा चड्डी आणि पँट, पंचा, रिकामी पिशवी, ओआरएसचं पाकीट. हे पाकीट पाण्यात कालवताना त्यावर लिहिलेलं माप पाळायचं, अंदाजाने अर्ध्या ग्लासात टाकायचं नाही.

लघवीबद्दल मुलाला "लागली का?" विचारायचं नाही. खेळात रमलेलं मूल नाहीच म्हणतं. "आपण सगळे जाऊन येऊ" म्हणायचं आणि घेऊन जायचं: घर सोडताना, बागेत शिरल्यावर, निघण्याआधी आणि सीएसएमटीला.

हरवण्याची भीती आजीला फार होती. सकाळी निघताना दोन्ही मुलांचा त्या कपड्यांतला फोटो मोबाइलमध्ये काढायचा. धाकट्याच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी. दोघांना एकच वाक्य शिकवायचं: "आई दिसली नाही की आहे तिथेच थांबायचं." शोधत फिरणारं मूल आणि शोधत फिरणारे आईबाबा एकमेकांना चुकवत राहतात. मोठीला हेही सांगायचं की मदत गणवेशातल्या रखवालदाराकडे किंवा मुलं बरोबर असलेल्या बाईकडे मागायची. लहान मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ आहे, रेल्वेत १३९.

फुग्यांवरून होणारं भांडण घरीच मिटवायचं. एक वस्तू, तीही बाहेर पडताना. आत जाताना घेतलेला फुगा तीन तास कुणीतरी धरायचा असतो आणि फुटला की त्याचं रडणं वेगळं. मुलीच्या हातात तिचे १०० रुपये द्यायचे, त्याचं काय करायचं ते ती ठरवेल. तिच्यासाठी आणखी एक गोष्ट पक्की केली. सावलीत बसायच्या वेळी आई आणि आजी धाकट्याजवळ थांबतील आणि अर्धा तास वडील फक्त तिला घेऊन फिरतील. त्या अर्ध्या तासात फोन आईकडे. भावाला सांभाळण्याचं काम तिच्यावर दिवसभर टाकायचं नाही. ती ९ वर्षांची आहे, आणि त्या दिवशीचं तिचं गप्प बसणं हेच सांगत होतं.

पहिला प्रयत्न फसला. पुऱ्या सकाळी उठून करायला घेतल्या आणि घर सोडायला नऊ वाजले. पेंग्विनच्या रांगेत पाऊण तास गेला. बारा वाजून गेले तरी वडिलांना "एवढं आलोच आहोत तर वाघ बघूनच जाऊ" असं वाटलं आणि एक वाजता मुलगा रडायला लागला. पुऱ्या आदल्या रात्री करून ठेवायच्या, हा एक धडा. दुसरा धडा जास्त अवघड आहे: मूल खुशीत असतानाच निघायचं. पैसे वसूल होईपर्यंत थांबलं की तो क्षण निसटतो.

त्या दिवशी एक गोष्ट मात्र ठरल्याप्रमाणे झाली. मुलगा रडायला लागला तेव्हा एकटी आई बोलली. आधी तिघंही एकदम बोलायचे: आजी लाडीगोडी लावायची, आई समजावायची, वडील दम द्यायचे. थकलेल्या मुलाला तीन आवाज म्हणजे नुसता गोंगाट. ठरलं होतं ते असं. त्याला गर्दीतून बाजूला सावलीत न्यायचं, त्याच्याएवढं खाली बसायचं, पाणी द्यायचं. "दमलास. आता घरी जायचं." एवढंच म्हणायचं, पुन्हा म्हणायचं. खाऊचं आमिष नाही, लोकांकडे बघणं नाही. "इथेच सोडून जाते हं" हे वाक्य तर कधीच नाही. अनोळखी गर्दीत मुलाचा आधार फक्त आईबाबांचा असतो, तोच काढून घ्यायची धमकी दिली की रडणं भीतीत बदलतं आणि पुढच्या वेळी मूल घरातून निघतानाच चिकटून बसतं. सात-आठ मिनिटांत तो आईच्या खांद्यावर शांत झाला. वडिलांनी तेवढा वेळ हात मागे बांधून ठेवले होते, हे आईनेच कौतुकाने सांगितलं.

दीड महिन्याने ते पुन्हा गेले. आठची गाडी मिळाली. निघायच्या वेळी "पाच मिनिटं" न म्हणता "अजून दोन प्राणी, मग गाडी" असं सांगितलं. चार वर्षांच्या मुलाला मिनिटं कळत नाहीत, दोन कळतात. दुसरा प्राणी पाणघोडा होता, त्याला हात हलवून तो निघाला. भायखळ्याहून सीएसएमटी, तिथून बसायला जागा, मशीद बंदर जाईपर्यंत तो झोपला. मुलीने १०० रुपयांतले ४० खर्च केले आणि उरलेले पुढच्या वेळेसाठी ठेवले.

आता त्यांची यादी वयाप्रमाणे लागली आहे. पावसाळ्यात वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, कारण तिथे हात लावायला, बटणं दाबायला मिळतात आणि भिजायला होत नाही. चौपाटीवर जायचं ते हिवाळ्यात, दुपारी झोप झाल्यावर, कपड्यांचा जादा जोड घेऊन. पावसाळ्याच्या दिवसांत किनाऱ्यावर दंश करणारे जेलीफिश येतात, तेव्हा पाण्यात उतरायचं नाही. राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांना सकाळी लवकर आणि हातात खाऊ न धरता, कारण माकडं तो ओढून घेतात. राष्ट्रीय उद्यान आणि घारापुरी दोन्ही सोमवारी बंद. घारापुरीला गेटवेहून बोटीने तासभर आणि वर लेण्यांपर्यंत सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. धाकटा सहा वर्षांचा होईपर्यंत ती पुढे ढकलली आहे. त्याआधी या डिसेंबरात वडील एक दिवस रजा टाकून मुलीला एकटीला घेऊन जाणार आहेत. वार मंगळवार ठरला आहे. जाताना स्टेशनांची नावं उलटी म्हणायची, आणि या वेळी बाबांनी आधी.